गेवेचा वाटा

काच आधीपासून वरच होती. हे अबिलियोने नंतर स्वतःला कितीदा तरी बजावलं. आपण काच वर केली नाही, ती वरच होती. राजधानीत, लुआंडाच्या रस्त्यात, मंत्रालयाच्या गाडीची काच खाली ठेवून कोणी बसतं का? बाहेर धूळ, ऊन, डिझेलचा वास, आणि गाड्या जागच्या जागी. तर गाडी उभी होती, मांडीवर मंत्र्यांचं भाषण होतं, आणि "युद्धाने होरपळलेल्या आपल्या या देशात" या वाक्याचं शेपूट कुठे न्यावं या विचारात तो असताना एकदम पळापळ झाली. फेरीवाल्या बायका. डोक्यावर घमेली, पाठीशी बांधलेली पोरं, आणि मागे काठ्या घेतलेले, पिवळ्या जाकिटातले तपासनीस. एक घमेलं गाडीच्या तोंडावर आदळलं, मासे डांबरावर पसरले आणि तोल सावरायला एका बाईने मागच्या खिडकीवर हात टेकला. ओला पंजा, बोटांना खवले चिकटलेले. मग चेहरा. भुवईच्या वर कातडं फाटून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती काचेत बघत होती. ती गेवे होती, त्याची बहीण. नुसती बहीण नव्हे, जुळी. एका आईच्या पोटात नऊ महिने दोघं एकमेकांना लाथा मारत राहिली होती. आता मध्ये काळी काच होती, आणि बाहेरून तिला त्या काचेत स्वतःचंच तोंड दिसत असणार. तशी दोघांची तोंडं सारखीच. ड्रायव्हर बेंतूने तिला ओळखलं. ओळखणारच, सणावाराला तोच तिला माशांसकट घरी आणतो आणि सोडतो. आरशातून मागे बघत, पदवी घेतलेल्या कोणालाही इथे म्हणतात तसं डॉक्टर म्हणत, तो हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उतरू का मी?" अबिलियो म्हणाला, "पुढे बघ." रांग सरकली, गाडी सरकली, चाकाखाली काहीतरी मऊ चिरडल्यासारखं झालं. मासेच असतील, त्याने मनात म्हटलं. मासेच होते.

मंत्रालयात तो आपल्या खोलीत बसला आणि त्याला लाज वाटली. आधी वाटलं हे ॲसिडिटीचंच आहे. सकाळी कॉफी रिकाम्या पोटी झाली होती. पण ॲसिडिटी कानांच्या पाळ्यांपर्यंत चढत नाही. लाज चढते. भिंतीवर फेरीवाल्यांना रस्त्यावरून हटवण्याच्या मोहिमेचा फलक लावलेला होता: "रस्ता चालण्यासाठी, बाजार विकण्यासाठी." हे वाक्य त्याचं होतं. तीन आठवडे डोकं खाजवून बाकीच्या हुशार मंडळींना जे सुचलं नाही ते त्याला कागदी रुमालावर जेवता जेवता सुचलं होतं, आणि मंत्र्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती. थाप अजून आठवते. देशाच्या पोटात तेल आहे, हिरे आहेत, आणि देशाच्या रुग्णालयात सलाईनची बाटली नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आकडे तर त्याच्याच हाताखालून जातात. तेलाचा भाव पडला, डॉलर दिसेनासा झाला, पावाला रांगा लागल्या, तेव्हा भाव चढलेला असताना तेलाचा पैसा गेला कुठे हे विचारायचं सोडून मंत्रिमंडळाला अचानक दिसल्या त्या फुटपाथवर टोमॅटो नि मासळी विकणाऱ्या बायका. त्या कर भरत नाहीत. त्या शहर विद्रूप करतात. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तर वांगं तोंड नसलेलं बघून घ्यावं. आणि सगळ्याच्या वर एक झाकण: युद्ध. रस्ता का नाही? युद्ध. शाळेला छप्पर का नाही? युद्ध. युद्ध संपलं तेव्हा जन्मलेली पोरं आता दाढी करायला लागली, तरी भाषणाचा पहिला परिच्छेद युद्धाचाच. तो परिच्छेद अबिलियो फार सुंदर लिहितो असं सगळे म्हणत. का नाही लिहिणार? त्या युद्धातून तो चालत आला होता. बाकीच्यांना शब्द शोधावे लागत, त्याला फक्त आठवावं लागे आणि आठवलेल्यातलं खरं तेवढं वगळावं लागे.

खरं म्हणजे कुइतू, पठारावरचं त्याचं गाव. शहराच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला सरकारचे सैनिक, दुसऱ्या बाजूला बंडखोर, आणि मध्ये माणसं घरांच्या भिंतींना भोकं पाडून या घरातून त्या घरात फिरत. बाराएक वर्षांचा मुलगा दिसला की दोन्हीकडचे उचलून न्यायचे, म्हणून अबिलियो टेबलाखाली, वरून गोधड्या. आणि पोटाला आणायला बाहेर कोण? गेवे. बायकांच्या टोळीबरोबर ती सुरुंग पेरलेल्या शेतांतून जायची, पुढचीच्या पावलावर पाऊल ठेवत, आणि परतायची तेव्हा तिच्या झग्यात कसावाचं एखादं मूळ असायचं. ते ती मोडायची. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून डोळ्यांच्या रेषेत आणायची, एक थोडा लांब निघाला तर दाताने कुरतडून सारखा करायची, कुरतडलेलंही निम्मं त्याला द्यायची. हा आईचा नेम. जुळ्यांच्या आईला उम्बुंदूत, पठाराच्या भाषेत, नावही वेगळं मिळतं, नाजांबा. लोक वाकून बोलतात, आणि तिच्या मागे नेमही हजार लागतात. एकाला कपडा घेतला की दुसऱ्याला तसाच. एकाला मारलं की दुसऱ्यालाही एक चापट. भेटायला येणाऱ्याने दोघांशी बोलायचं, नाहीतर कोणाशीच नाही. आणि जुळ्यातलं एक गेलं, तर मागे राहिलेल्याने मोठ्या जेवणात आधी त्याचा वाटा मातीवर ठेवायचा, नाव घ्यायचं, मगच आपला घास. आई त्याच वेढ्यात गेली, वाट्याचे नेम पोरांच्या हवाली करून. पुढे लुआंडाला आल्यावर एका शाळेत एकाचीच सोय झाली, आणि गेवे माबुंदाच्या धक्क्यावर मासळी उचलायला गेली. त्याच्या वह्यांना शाळेपासून विद्यापीठापर्यंत कारापाव माशांचा वास येत राहिला. वर्गातली मुलं नाक धरायची. तिथे तो पहिल्यांदा वासाला लाजला. पुढे नावाला लाजला. घरचं नाव जांबा, म्हणजे हत्ती; मुलगा-मुलगी जुळं झालं की मुलगा जांबा आणि मुलगी गेवे, म्हणजे पाणघोडी, यात आईबापांना निवडच नसते. शाळेच्या दाखल्यावर अबिलियो होतं. जांबा कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून ते गळून पडलं, आणि किनाऱ्यावरच्या या शहरात, जिथे डोंगरपठाराकडच्या माणसाला अजून गावंढळ समजतात, त्याची कोणी चौकशीही केली नाही.

शनिवारी त्याच्या मुलीची, लिझेतची मागणी होती. मुलाकडचे येणार, वधूच्या घरच्यांना मान द्यायचा, वडिलांना सूट, आईला रंगीत लुगडी, आत्याला तसंच लुगडं, बिअरची खोकी, आणि मग मुलीला बाहेर आणायचं. मुलगा साधासुधा नव्हता. जनरलचा मुलगा होता. मंत्री बदलणार अशी कुजबुज असताना जनरलचा व्याही होणं म्हणजे काय हे मंत्रालयातल्या शिपायालाही कळत होतं. बुधवारपासून लोक अबिलियोला लिफ्टमध्ये जागा करून देत होते. बायको एर्मेलिंदा किनाऱ्यावरच्या जुन्या घराण्यातली, नाकाने कांदे सोलणारी पण मनाने वाईट नव्हे. तिने आठवडाभर आधी विचारलं होतं, "आत्याच्या लुगड्याचं काय करायचं? गेवे पुढे बसणार आहे का?" आणि तो म्हणाला होता, "बघू." बघू म्हणजे नाही, हे लग्नाच्या इतक्या वर्षांत एर्मेलिंदाला शिकवावं लागत नव्हतं. तिने आपल्या धाकट्या बहिणीला आत्याच्या खुर्चीवर बसवायचं ठरवून टाकलं. गेवे येणार होती, पण दरवेळी यायची तशी, मागच्या फाटकाने.

तशीच आली. घमेलंभर कारापाव, ताजे, डोळे चकचकीत असलेले. डोक्याला फडकं नेहमीपेक्षा खाली, भुवयांपर्यंत ओढलेलं. अबिलियो स्वयंपाकघराच्या दारात नव्या सुटात उभा राहिला आणि त्याला वाटलं, ही आता विचारेल. विचारावं असंच त्याला वाटत होतं. तिने शिवी हासडली असती, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. मोकळं झालं असतं. ती मासे साफ करायला खाली बसली आणि म्हणाली, "सूट खांद्यात सैल आहे रे." त्याने विचारलं, कपाळाला काय झालं. ती म्हणाली, पडले. त्यानेही "जपत जा" म्हटलं, ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला ऐकू आले, आणि ते ऐकून त्याला किळस आली. बघितलं का नाही बघितलं? काच काळी होती. बघितलं असतं तर एवढे मासे घेऊन आली असती का? पण गेवेच्या बाबतीत हे काही गणित नव्हतं. ती कशीही आली असती.

दुपारी पाहुणे आले. आंगणातल्या आंब्याच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. जनरल अंगाने सुटलेले, आवाजाने मऊ, त्यांच्या सौ. हातात पंखा घेऊन. आणि जनरलची आई, नाचिलोंबो आजी, वाळक्या शेंगेएवढी, पायात रबरी चपला, अंगावर पठारी बायकांसारखं दुहेरी नेसलेलं लुगडं. तिला पोर्तुगीज येतं की नाही हेच कोणाला नक्की माहीत नव्हतं. एर्मेलिंदाच्या भावाने घराच्या वतीने नेहमीप्रमाणे आढेवेढे घेतले, दार वाजवल्याचा दंड म्हणून बाटल्या मागितल्या, मुलाकडच्यांनी हसत हसत दिल्या. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. जनरलनी अबिलियोच्या वाक्याचं कौतुक केलं. रस्ता चालण्यासाठी, बाजार विकण्यासाठी. लष्करातसुद्धा असं नेमकं कोणी बोलत नाही, म्हणाले. सौ. म्हणाल्या की आता निदान गाडीची काच खाली करता येते, पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर त्या मासळीवाल्या अंगावर यायच्या, वास केसांत बसायचा. सगळे हसले. अबिलियोही हसला. त्याच वेळी गेवे मागून तळलेल्या माशांचं ताट घेऊन आली, मेजावर ठेवलं, आणि गेली. हसण्यात तिने तो आवाज ऐकला असणार. त्याचं हसणं तिला हजारात ओळखू येतं.

आणि मग आजी त्याच्याशी बोलली. उम्बुंदूत. "पोरा, तू आमच्याकडचा दिसतोस. घरचं नाव काय तुझं?" किती वर्षांनी ती भाषा कोणी त्याला उद्देशून बोललं होतं. गेवेशीसुद्धा तो पोर्तुगीजच बोले. त्या आवाजात ओल होती, आई पाट्यावर मका वाटताना बोलायची तसा आवाज, आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. दोन घोट बिअरही होती. त्याचं तोंड त्याच्या आधी बोललं: "जांबा." बोलला आणि त्याच क्षणी कळलं की हात दाखवून अवलक्षण केलं. लुआंडात कोणीही असतं तर म्हणालं असतं, अरे वा, हत्ती. पण पठारावरच्या माणसाला जांबा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला आहे, त्यात आजीचा काही दोष नव्हता. तिचा चेहरा उजळला, तिने दोन्ही हात कपाळाला लावले, जुळ्यांना लावतात तसे, आणि विचारलं, "आणि गेवे कुठाय?"

जनरलनी हसत सगळ्यांना पोर्तुगीजमध्ये समजावून सांगितलं की आई जुळ्या बहिणीची चौकशी करतेय. मग सगळे अबिलियोकडे बघायला लागले. सौ.चा पंखा थांबला होता. एर्मेलिंदा अंगठी फिरवत होती. मेहुणा उगाचच खोकला. एवढं म्हणायचं होतं: आत आहे, बोलावतो. तीन शब्द. आणि मग फडकं ओढलेली, खवल्यांच्या हातांची, भुवईवर टाके नसलेली जखम घेऊन गेवे बाहेर आली असती आणि जनरलनी मऊ आवाजात विचारलं असतं, काय लागलं बाई? "वाटेतच राहिली," तो म्हणाला. "युद्धात."

सोपं होतं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. युद्धात म्हटल्यावर या देशात पुढे कोणी काही विचारत नाही. ज्याने त्याने कोणाला तरी वाटेत सोडलेलं असतंच. जनरलनी मान खाली घातली, आणि ती घातलेली खरी होती. सौ. "देवा" म्हणाल्या. अबिलियोने आयुष्यभर सरकारसाठी लिहिलेला पहिला परिच्छेद आज पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला, आणि तो चालला. फक्त आजी त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग तिने सुनेला काठीने ढोसलं, आत्याचं म्हणून आणलेलं लुगडं मागून घेतलं आणि उलगडून आंब्याच्या बुंध्याशी अंथरायला लावलं. म्हणाली, मग आधी तिचा वाटा, पोरा. तुझ्या पोरीच्या मागणीचं जेवण आहे. तिचा वाटा मातीला दिल्याशिवाय तू जेवायचं नाहीस, आणि तू जेवला नाहीस तर आम्ही कसे जेवू? मग ती स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, ए बाई, मासा आण गरम, आणि फुंजीचा गोळा आण. हे सगळं उम्बुंदूत. स्वयंपाकघरात उम्बुंदू कळणारी एकच बाई होती.

गेवे आली. एका हातात ताट, दुसऱ्यात मक्याच्या पिठाच्या फुंजीचं भांडं. तिने सगळं ऐकलं होतं; खिडकी उघडी होती आणि भांड्यांचा आवाज मघापासून थांबला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, तेवढ्याच उंचीची. अबिलियोला वाटलं, आता तरी. अजून वेळ गेलेली नाही. थट्टा होती म्हणता येईल, बिअर चढली म्हणता येईल, पायावर लोळण घेता येईल. त्याने तिच्या ताटातून मासा उचलला, फुंजीचा गोळा घेतला, बुंध्यापाशी गुडघे टेकले, नव्या सुटाचे. गोळा लुगड्याच्या काठाशी मातीवर ठेवला, त्यावर मासा. "नाव घे," आजी म्हणाली. त्याने घेतलं. "गेवे, हा तुझा वाटा." आवाज स्वच्छ आला, मंत्रालयात येतो तसा. वर बघितलं तर तिच्या हातातलं ताट जराही हललं नव्हतं. सगळ्यांनी हळू टाळ्या वाजवल्या, तशी रीत आहे, आणि जेवणं सुरू झाली. तोही जेवला. कारापाव चुरचुरीत झाले होते. जनरलनी तीन खाल्ले.

पुढे गाणी लागली, लिझेतला मावशीने हाताला धरून बाहेर आणलं, बायकांनी जिभा हलवून आरोळ्या दिल्या. पोरगी इतकी छान दिसत होती की अबिलियोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं हे ठरवायला तो आंब्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे गेवे उकिडवी बसली होती. लुगड्याच्या काठाला धक्का न लावता तिने मातीवरचा गोळा उचलून तळहातावर घेतला होता आणि ती जेवत होती. सावकाश, चावून. त्याला बघून ती दचकली वगैरे नाही.

"माझाच ना?" ती म्हणाली. मग नखाने गोळ्याची खालची माती खरवडत म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नव्हतं."

माफी मागण्यासाठी तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती वाटली. आजवर त्याने लिहिलेल्या सगळ्या माफ्या दुसऱ्याच कोणाच्या तरी होत्या. "परवा," तो कसाबसा म्हणाला.

"परवा तू नाही दिसलास मला. काच काळी. बेंतू दिसला." तिने मासा मधोमध मोडला. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून डोळ्यांच्या रेषेत आणले. एक जरा मोठा होता, त्याचं टोक तिने दाताने तोडलं. मग एक तुकडा त्याच्यापुढे धरला आणि पहिल्यांदाच, त्या घरात पहिल्यांदाच, त्याला त्या नावाने हाक मारली. "घे, जांबा."

हातभर अंतर होतं. आंब्याच्या पलीकडे आजीची खुर्ची तिरकी झालेली होती आणि आजीचं तोंड इकडे होतं. असा मासा मोडून, असा डोळ्यासमोर धरून, असा कोण कोणाला देतं हे पठारावरचं शेंबडं पोरही सांगेल. घ्यायचं, एवढंच करायचं होतं. भूक नव्हती, पण तो प्रश्न नव्हता. त्याचा हात उठला, खरंच उठला, हे त्याला पुढे कितीदा आठवणार होतं. तेवढ्यात एर्मेलिंदाने हाक मारली, डॉक्टर, फोटो, सगळे थांबलेत. "आलो," तो म्हणाला, आणि उठलेल्या हाताने त्याने कोटाचं बटण लावलं. चार पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं. गेवेने थोडा वेळ तो तुकडा तसाच धरून ठेवला होता. मग तोही खाल्ला. अन्न टाकायचं नाही हे तिने टेबलाखाली नाही, शेतात शिकलेलं होतं.

फोटोत त्याला मधोमध बसवलं, एका बाजूला जनरल आणि दुसऱ्या बाजूला आजी. मागे लिझेत आणि तिचा होणारा नवरा. फोटोग्राफरने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं, हसायला सांगितलं. अबिलियोच्या गुडघ्यांवर मातीचे दोन डाग होते, त्यांवर त्याने हात ठेवले. आजीच्या अंगाला वाळलेल्या मक्याचा वास येत होता. ती कॅमेऱ्याकडेच बघत होती, ओठही फारसे हलले नाहीत तिचे.

"तुझ्या बहिणीने मासा छान तळलाय, पोरा," ती उम्बुंदूत म्हणाली.

फोटोग्राफर म्हणाला, डॉक्टर, हसा ना. तो हसला.